निर्दोष: दोन ग्रीक शब्दांनी शिकवलेलं

माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात झाली. ‘आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे’ हे वाक्य टंकलिखित करायची बोटांना सवय होऊन गेली होती. रविवारी उपासनेत तोच शब्द वेगळ्या सुरात कानांवर यायचा. देवाने आपल्याला पवित्र आणि निर्दोष असावं म्हणून निवडलं आहे, असं इफिसकरांस पत्र सांगतं. आठवडाभर कागदावर पाहिलेला निर्दोष आणि रविवारी ऐकलेला निर्दोष यांत नातं काय, हा प्रश्न मनात वर्षानुवर्षं राहिला. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीतल्या काही जणांनी पाळकसाहेबांकडे नव्या कराराची ग्रीक भाषा शिकायला सुरुवात केली. मीही त्यांच्यात बसू लागले, ती मुख्यतः या प्रश्नासाठी. त्या अभ्यासातून आणि त्याच्या उजेडात पुन्हा पाहिलेल्या आयुष्यातून जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

१. न्यायालय ज्याला निर्दोष म्हणतं, त्याच्याबद्दल ते फार थोडं सांगतं. आरोप होता, पुरावा पुरला नाही, माणूस सुटला. कायद्याने एवढंच सांगावं. माणसाच्या अंतःकरणावर निकाल देणारं न्यायालय कोणालाच परवडणार नाही. ग्रीकमध्ये या अर्थाच्या जवळ जाणारा स्वतंत्र शब्द आहे, ‘अनेन्क्लेतोस’, म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेवता येत नाही असा. तीताला लिहिलेल्या पत्रात मंडळीच्या वडिलांसाठी तो येतो. ‘अनेपिलेम्प्तोस’ म्हणजे ज्याला पकडायला कुठे जागाच सापडत नाही असा. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात अध्यक्षाच्या गुणांची यादी याच शब्दाने सुरू होते. आणि मग येतात ते दोन शब्द, ज्यांनी मला धरून ठेवलं: ‘अमेम्प्तोस’ आणि ‘अमोमोस’. मराठीत या सगळ्यांचा भार बहुतेक वेळा एकटा ‘निर्दोष’ वाहतो, फार तर ‘निष्कलंक’ला सोबतीला घेऊन. म्हणून मूळ शब्द वेगवेगळे दिसले, तेव्हा माझा एक प्रश्न फुटून त्याचे चार झाले.

२. ‘अमेम्प्तोस’ एकट्याने होता येत नाही. दोष देणं, तक्रार करणं या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला आहे, म्हणजे तक्रार करू शकेल असं दुसरं माणूस त्या शब्दात आधीपासून उभंच आहे. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या ग्रीक पपायरसांत लग्नाचे करार आहेत. पतिपत्नींनी एकमेकांशी तक्रारीला जागा न ठेवता राहावं, असं त्यांत याच शब्दाच्या रूपाने लिहिलेलं असतं. जुन्या ग्रीक थडग्यांवरही मागे राहिलेल्यांनी गेलेल्या माणसाबद्दल हा शब्द कोरलेला सापडतो. म्हणजे नव्या कराराच्या लेखकांनी तो आकाशातून आणला नाही, स्वयंपाकघर आणि अंगण असलेल्या घरांतून उचलला. फिलिप्पैकरांना पौल सांगतो की सगळं काही कुरकुर आणि वादविवाद न करता करा, म्हणजे तुम्ही निर्दोष ठराल. मला वाटत होतं, या शब्दाची वाट उपासतापासातून आणि मोठ्या त्यागातून जात असेल. ती रोजच्या कुरकुरीजवळून जाते, हे वाचल्यावर तो शब्द फार जवळचा झाला आणि फार कठीणही.

३. निर्दोष माणसालाही लोक दोष देत राहतात, आणि पवित्र शास्त्र ते लपवत नाही. लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात जखऱ्या आणि अलीशिबा भेटतात. दोघंही प्रभूच्या आज्ञांनुसार निर्दोष चालणारी होती, असं लूक सांगतो आणि तिथे शब्द ‘अमेम्प्तोस’ हाच आहे. पुढच्याच ओळीत तो सांगतो की त्यांना मूल नव्हतं आणि दोघं वयातीत झाली होती. पुढे अलीशिबेला दिवस जातात, तेव्हा ती म्हणते की लोकांमध्ये असलेली माझी निंदा देवाने दूर केली. म्हणजे देवाच्या दृष्टीने जिच्यावर ठपका नव्हता, तिने आयुष्याचा मोठा भाग लोकांचा ठपका सोसत काढला होता.

माझ्या एका मावशीला मूल नव्हतं. बारशाला बोलावणं यायचं तेसुद्धा थोडं अडखळत, आणि पाळण्याला हात लावायची वेळ आली की बायका तिच्याकडे न पाहता दुसरीला पुढे करायच्या. मावशी घरी येऊन कधी काही बोलली नाही. मंडळीत कोणाकडे आजारपण निघालं की आधी तिची पावलं तिकडे वळायची. अलीशिबेची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते, पण ती योहानाच्या जन्माची गोष्ट म्हणून. ग्रीक वाचल्यावर कळलं की मूल होण्याच्या कितीतरी आधी, ओटी रिकामी असतानाच, लूकने तिला तो शब्द देऊन टाकला आहे. योहान जन्मला नसता तरी ती अमेम्प्तोसच होती. हे मला मावशी हयात असताना माहीत असतं तर तिच्यापाशी बसून वाचून दाखवलं असतं.

४. निर्दोष म्हणजे शंका न येणारा, असंही नाही. जखऱ्या याजक आहे, धूप जाळण्याची चिठ्ठी त्याच्या नावाने निघाली आहे, समोर गब्रीएल देवदूत मूल होणार असल्याची बातमी घेऊन उभा आहे. तरी त्याचा विश्वास बसत नाही. मुलाचा जन्म होऊन त्याचं नाव ठेवण्याचा दिवस येईपर्यंत त्याची वाचा बंद राहते. लूकने त्याला काही ओळींपूर्वीच निर्दोष म्हटलं आहे आणि ते शब्द त्याने मागे घेतले नाहीत. ज्याची जीभ अडते, जो ‘हे मी कशावरून समजू’ असं विचारतो, त्यालाही या शब्दात जागा आहे. श्रद्धेत ज्यांचे प्रश्न संपत नाहीत अशा तरुण मुलांशी बोलताना मला जखऱ्याचा फार आधार वाटतो.

५. दुःख पाहून दोष शोधायची सवय फार जुनी आहे. ईयोबाच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात पहिल्याच वचनात त्याला ‘अमेम्प्तोस’ म्हटलं आहे. त्यानंतर त्याची गुरंढोरं जातात, मुलं जातात, अंगभर फोड येतात. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. बोलायला लागल्यावर ते एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगतात: एवढं भोगतो आहेस, त्याअर्थी काहीतरी केलं असशील. शेवटी देवाचा राग पेटतो तो या मित्रांवर. आणि ज्याच्यावर त्यांनी दोष ठेवला, त्या ईयोबालाच त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं जातं.

कर्करोगाच्या वॉर्डात, अपघातानंतर, मुलाने आत्महत्या केलेल्या घरात मी हे अलीफज-बिल्दद पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. जगात कारणाशिवाय काही घडत नाही हा त्यांचा आधार डळमळलेला असतो आणि तो सावरण्यासाठी ते समोरच्याचा बळी देतात. अशा घरी गेल्यावर ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत आणि आठवा दिवस उजाडूच देऊ नये, असं मला वाटतं.

६. ‘अमोमोस’ वेदीपाशी जन्मला. मोशेच्या नियमशास्त्रात अर्पणाचा पशू कसा असावा हे लेवीयच्या पुस्तकात बारकाईने सांगितलं आहे: आंधळा नको, मोडलेल्या अवयवाचा नको, खरजेचा नको. इब्री भाषेत अशा पशूसाठी ‘तामीम’ हा शब्द आहे, म्हणजे सगळा, पुरा, अभंग. ग्रीक भाषांतरकारांनी तिथे ‘अमोमोस’ घातला. मलाखी संदेष्टा याजकांना खडसावतो ते याच कारणाने, की लंगडा आणि आजारी पशू देवाला आणता, तो तुमच्या सुभेदाराला नेऊन दाखवा बरं, तो घेईल का? नव्या करारात पेत्राचं पहिलं पत्र ख्रिस्ताला निर्दोष आणि निष्कलंक कोकरा म्हणतं तेव्हा हीच वेदी डोळ्यांसमोर आहे. आणि इफिसकरांस पत्रात तोच शब्द साध्या माणसांना लावला आहे.

यातून मला एक उमगलं. कोकरू निर्दोष असतं ते मिरवण्यासाठी नव्हे. ते दुसऱ्यासाठी देऊन टाकायचं असतं. चारित्र्य जपणं म्हणजे स्वतःला डागांपासून दूर ठेवणं, असं आम्हाला घरात आणि शाळेत शिकवलं गेलं. डाग पडू नये म्हणून कपाटात घडी घालून ठेवलेली पैठणी शेवटी घडीवरच विरते. कोणाच्या उपयोगी न पडता जपलेलं निर्मळपण तसंच जातं. अब्राहाम नव्व्याण्णव वर्षांचा असताना देव त्याला म्हणतो की माझ्यासमोर चाल आणि तामीम हो. ज्या वयात माणूस आवराआवर करतो, त्या वयात त्याला अख्खं होऊन चालायला सांगितलं आहे. अख्खं मन देणं, अर्धं राखून न ठेवणं, हा या शब्दाचा गाभा आहे असं मला आता वाटतं.

७. कागदावर निर्दोष असलेला माणूस दुसऱ्याचा छळ करू शकतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल आपली जुनी ओळख सांगतो: आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशाचा, परूशी. आवेशाच्या बाबतीत मंडळीचा छळ करणारा आणि नियमशास्त्रातल्या नीतिमत्त्वाच्या बाबतीत अमेम्प्तोस. या दोन गोष्टी तो एकाच दमात सांगतो. स्तेफनाला धोंडमार होत असताना साक्षीदारांनी आपली वस्त्रं याच तरुणाच्या पायांपाशी ठेवली होती. नियमांच्या यादीत त्याचा एकही खाना रिकामा नव्हता. आणि हे सगळं आपण ख्रिस्तासाठी हानी समजलो, केरकचरा समजलो, असं तो पुढे लिहितो.

हा अध्याय मी अनेकदा वाचला होता, पण ती दोन वाक्यं इतकी शेजारी शेजारी आहेत हे मूळ भाषेत शब्द शब्द लावतानाच लक्षात आलं. त्या दिवशी वर्गात थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र उघडलं. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनांपैकी ते एक, साधारण इसवी सन ५० च्या सुमाराचं. तिथे पौल पुन्हा स्वतःबद्दल हाच शब्द वापरतो, पण किती वेगळ्या रीतीने! आम्ही तुमच्याशी निर्दोषपणे कसे वागलो याला तुम्ही साक्षी आहात आणि देवही, असं तो म्हणतो, आणि त्याच्या आधी सांगतो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. पहिल्या वेळी साक्षीला फक्त नियम होते. दुसऱ्या वेळी साक्षीला माणसं आहेत, ज्यांच्या घरी तो राहिला, ज्यांच्यासमोर त्याने हातांनी काम केलं. एकाच माणसाच्या दोन निर्दोषपणांमधलं हे अंतर म्हणजे पौलाचं सगळं परिवर्तन आहे.

८. अधिकाराच्या जागी बसलेल्याने हा शब्द ढाल म्हणून वापरू नये. अध्यक्ष निर्दोष असावा ही अट मंडळीच्या रक्षणासाठी आहे, अध्यक्षाच्या रक्षणासाठी नाही. तीमथ्याच्या त्याच पत्रात पुढे सांगितलं आहे की वडिलावरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय ऐकू नये, पण जे पाप करत राहतात त्यांना सर्वांदेखत दोष पदरी घालावा. दोन्ही वाक्यं लागोपाठ आहेत. पहिलं अफवेपासून वाचवतं आणि दुसरं झाकपाकीपासून. न्यायालयात इतकी वर्षं काढल्यावर मला या दोन वाक्यांचं शहाणपण फार मोलाचं वाटतं. लेकराबाळांना, बायकांना त्रास दिल्याची तक्रार आली की ‘देवाच्या सेवकाला दोष लावू नका’ म्हणून तोंड बंद करणारे लोक पवित्र शास्त्राचं पहिलं वाक्य वाचतात आणि दुसऱ्यावर बोट ठेवून पान उलटतात. निर्दोषपणाला चौकशीची भीती वाटत नाही.

९. फक्त निर्दोषांची मंडळी काढायला गेलं की दोष देणाऱ्यांची मंडळी तयार होते. ३०३ मध्ये रोमी सम्राट डायोक्लीशनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला आणि त्यांचे ग्रंथ जाळायला मागितले. उत्तर आफ्रिकेत काही धर्मगुरूंनी जिवाच्या भीतीने ते देऊन टाकले. छळ थांबल्यावर प्रश्न आला, की अशा डागी हातांनी दिलेला संस्कार चालेल का? डोनॅटस ज्यांचा पुढारी झाला ते लोक म्हणाले, चालणार नाही. त्यांचं दुःख खरं होतं, त्यांची माणसं खरोखर मेली होती, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. पण फूट पडली ती शंभर वर्षांनीही मिटली नव्हती. गावोगावी दोन बिशप, दोन वेद्या. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर बसले. डोनॅटसच्या लोकांविरुद्धच्या बाजूने बोलणाऱ्या बिशप ऑगस्टीनचं म्हणणं असं होतं की गहू आणि निदण कापणीपर्यंत एकाच शेतात वाढणार आहेत, आणि संस्काराची शुद्धता देणाऱ्या हातावर नसून ख्रिस्तावर अवलंबून आहे. त्या वादाचा निकाल लावायला पुढे शाही सक्ती आली, ती मला दुखते. तरी शेताबद्दलचं त्याचं म्हणणं मला पटतं. आपल्या गावच्या मंडळ्या, संस्था, चळवळी का फुटतात हे पाहिलं की पटतं.

१०. जो खरोखर निर्दोष आहे तोही क्षमा मागतो. पेलाजियस नावाचा धर्मशिक्षक आणि त्याचे अनुयायी म्हणत होते की माणसाने मनावर घेतलं तर त्याला पापाशिवाय जगता येईल. ४१८ मध्ये कार्थेजला भरलेल्या सभेने त्याविरुद्ध काही नियम केले. त्यांतला एक मला फार आवडतो. प्रभूच्या प्रार्थनेत आमची ऋणं आम्हाला सोड असं पवित्र माणसं म्हणतात ती केवळ नम्रतेपोटी, तसं खरं नसताना म्हणतात, हे मानायला सभेने ठाम नकार दिला. ती प्रार्थना खरी आहे, शिष्टाचार नाही. पुढे इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्लीने १७६६ मध्ये ख्रिस्ती परिपूर्णतेवर पुस्तक लिहिलं. माणसाचं हृदय याच आयुष्यात प्रेमाने भरून जाऊ शकतं असं तो मनापासून मानायचा. तरी तोही सांगतो की अशा माणसाकडून अजाणतेपणी चुका होतात आणि त्याला ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताची गरज शेवटपर्यंत राहते. कार्थेजच्या सभेचा आणि वेस्लीचा सूर वेगळा, पण त्या एका प्रार्थनेपाशी दोन्ही शेजारी उभे दिसतात. माझे वडील घरात सगळ्यांत सरळ माणूस. रात्रीच्या प्रार्थनेत क्षमेच्या ओळीपाशी त्यांचा आवाज नेहमी हळू व्हायचा. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं, की यांना काय मागायचं असतं? आता वाटत नाही.

११. या शब्दासाठी झिजलेली बाई स्वतः आयुष्यभर दोषांच्या माऱ्याखाली होती. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुण्याला आल्यावर मुलींना बाटवतात म्हणून गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दुसरीकडे, चर्चच्या शिकवणीला त्या प्रश्न विचारतात म्हणून इंग्लंडमधली त्यांची ख्रिस्ती गुरुमंडळीही नाराज होती. दोन्हीकडून बोल लागत असताना त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळात उपाशी मुली गोळा करून आणल्या, आणि उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. कमी शिकलेल्या बाईलाही ते समजावं हा त्यांचा ध्यास होता. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये छापून निघालं. वर अमेम्प्तोस म्हणजे तक्रारीला जागा न ठेवणारा असं मी लिहिलं, त्याला रमाबाईंनी एक तळटीप जोडली. तक्रार होणारच. तिच्यात तथ्य आहे का ते तपासायचं, आणि नसेल तर हातातलं काम सोडायचं नाही.

१२. अमोमोसने सुरू होणारं स्तोत्र हरवलेल्या मेंढराने संपतं. स्तोत्रसंहितेतलं ११९ वं स्तोत्र सगळ्यांत लांब, त्यात १७६ वचनं आहेत. इब्री वर्णमालेतल्या बावीस अक्षरांचे बावीस भाग, प्रत्येक भागात आठ वचनं. ज्यांचा मार्ग निर्दोष आहे ते धन्य, अशी त्याची सुरुवात. ग्रीक बायबलमध्ये त्याचा क्रमांक ११८ आहे आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्या सुरुवातीमुळे सगळ्या स्तोत्राला ‘अमोमोस’ असंच नाव पडलं. तिथे ते अंत्यविधीला गातात, आणि ख्रिस्त कबरीत असल्याच्या पवित्र शनिवारच्या उपासनेतही. कवी वचनामागून वचन सांगतो की मला तुझे नियम प्रिय आहेत, मी ते विसरत नाही. आणि अगदी शेवटच्या वचनात म्हणतो की मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलो आहे, तू मला शोध. १७५ वचनं चालून आल्यावर हे! पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, हा शेवट कशाला ठेवला असेल? माझं उत्तर असं, की तो शेवट नसता तर हे स्तोत्र मेलेल्या माणसाजवळ उभं राहून गाता आलं नसतं. कोणाच्याही शवपेटीपाशी पहिलं वचन एकटं म्हणायचं धाडस होणार नाही. पहिलं आणि शेवटचं मिळून मात्र ते कोणासाठीही म्हणता येतं.

१३. हा शब्द नव्या करारात वारंवार पुढच्या काळाकडे तोंड करून उभा असतो. प्रभू येईल तेव्हा तुमचा आत्मा, जीव आणि शरीर निर्दोष राखलं जावो, असं पौल थेस्सलनीकाच्या लोकांसाठी मागतो. यहूदाच्या छोट्याशा पत्राचा शेवट त्या देवाच्या स्तुतीने होतो, जो तुम्हाला अडखळण्यापासून राखून आपल्या गौरवासमोर निर्दोष असं उभं करायला समर्थ आहे. राखणारा तो, उभं करणारा तो. आयुष्यभर मी निकालपत्रं टंकलिखित केली आणि निकाल लागला की फाइल बांधून ठेवायची हेच शिकले. इथे मात्र फाइल उघडी आहे, माझीही आणि माझ्याशी वाईट वागलेल्यांचीही. म्हणून स्वतःला निर्दोष ठरवायची घाई उरत नाही, आणि दुसऱ्याला कायमचा दोषी ठरवायचा अधिकारही उरत नाही. झालेल्या अन्यायाचा न्याय मागावाच, तक्रार नोंदवावीच. पण एखाद्या माणसाबद्दल ‘हा असाच’ असा शेवटचा शब्द आपण लिहू नये.

वाचकहो, तुमच्या घरात, भावकीत, गावात असं एक तरी नाव असेल, ज्याच्यावर काही न तपासता ठपका बसला आहे आणि तो पुसायला कोणी गेलेलं नाही. मूल नसलेली बाई असेल, नवऱ्याने सोडलेली असेल, परीक्षेत नापास झालेला मुलगा असेल, दिवाळं निघालेला भाऊ असेल. प्रार्थना करत असाल तर आज ते नाव तिथे घ्या. करत नसाल तर त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि चार लोकांत त्यांच्या बाजूने एक वाक्य बोला.